मस्जिद बंदरात आमच्या घरचं एक नाव आहे

गेल्या महिनाभरात एकच मेसेज तीन ग्रुपवरून माझ्याकडे आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: मुंबईतली युद्धस्मारकं इंग्रजांनी इंग्रजांसाठी उभारली, त्यांवर आपलं कुणी नाही. जे असतील ते पोटासाठी परक्यांची चाकरी करणारे होते. मुंबईने युद्ध पाहिलंच नाही. आपल्या जवानांचं स्मारक दिल्लीत झालंय, तेव्हा हे जुने दगड हलवा आणि जागा मोकळी करा.

शेकडो लोकांनी हात जोडल्याचे इमोजी टाकून तो पुढे पाठवलाय. मला मात्र त्यातलं एकही वाक्य पटलं नाही, आणि गप्पही बसवत नाही.

'मुंबईने युद्ध पाहिलंच नाही' हे आधी घेतो, कारण त्याला वेळ लागत नाही. ऑक्टोबर १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धात, मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) मोहिमेची पहिली तुकडी मुंबईच्याच बंदरातून निघाली. त्या सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी पुढे कुत-अल-अमारात अडकल्या आणि महिनोन्‌महिने वेढा सोसून एप्रिल १९१६ मध्ये कैदेत गेल्या. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळ्याने भरलेलं 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज फुटलं. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण परत आले नाहीत. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे आणि दर वर्षी त्याच तारखेला तिथे मानवंदना होते. डिसेंबर १९७१ मध्ये मुंबईहून निघालेली आपल्या नौदलाची युद्धनौका 'खुक्री' ९ तारखेच्या रात्री १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांसह बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते जहाजावरच राहिले. याहून जवळून युद्ध कसं पाहायचं असतं?

आता 'आपलं कुणी नाही' हे म्हणणं. आझाद मैदानाच्या कडेला, सीएसएमटीसमोर, अमर जवान स्मारक आहे. १८५७ मध्ये तोफेच्या तोंडी दिलेले सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांचं ते आहे. खारेघाट कॉलनीत पहिल्या महायुद्धात गेलेल्या पारशांचा स्तंभ आहे. हे सगळे कुणाचे होते?

पण मला खरं सांगायचंय ते मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होमबद्दल. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांची नावं तिथल्या स्मारक-दालनात ब्राँझच्या पत्र्यांवर कोरलेली आहेत. समुद्राखेरीज यांना दुसरी कबर नाही. दुसऱ्या महायुद्धातले रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारे ४०० आणि व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ ६,००० जण तिथल्या ग्रंथात नोंदलेले आहेत, आणि तसाच जोडग्रंथ चितगावलाही आहे. जहाजावरचे सगळे हुद्दे त्यात आहेत: सारंग, टंडेल, आगवाला (भट्टीत कोळसा टाकणारा), भंडारी, साधा खलाशी. रत्नागिरीचे, गोव्याचे, सिल्हेटचे. एकाच पानावर हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती. यांत इंग्रज शोधून दाखवा.

त्यात माझ्या आजीचा थोरला भाऊ आहे. रत्नागिरीकडचा पोरगा, मुंबईत येऊन जहाजावर लागला आणि १९४२ मध्ये गेला. घरी एक कागद आला, तोही इंग्रजीत, आणि गावात वाचणारं कुणी नव्हतं. कधी, कुठे, हे कुणालाच नीट कळलं नाही. तिथी माहीत नसल्यामुळे आजी त्याचं पान सर्वपित्री अमावास्येला वाढायची. तिच्यानंतर आईनेही तेच चालवलं.

'पोटासाठी चाकरी' म्हणता ना? हो, पोटासाठीच. कोकणातल्या खडकाळ तुकड्यावर सात माणसं जगत नव्हती, म्हणून तो जहाजावर गेला. यात लाज कसली? आणि ही माणसं मान खाली घालून राबणारीही नव्हती. गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या कितीतरी कमी पगारात तीच जोखीम घ्यावी लागते, म्हणून १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी ठिकठिकाणी काम बंद केलं आणि पगारवाढ मागितली. पहिल्या युद्धाबद्दल म्हणाल, तर १९१८ मध्ये खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरत होते, आणि हक्क देणार असाल तर माणसं देतो, असं टिळकही सांगत होते. त्या काळातल्या मोठ्यातल्या मोठ्या माणसांना जो गुंता सुटला नाही, त्याचा जाब एका आगवाल्याकडे मागायचा, हा अन्याय आहे.

'दिल्लीत झालंय की' या म्हणण्यात अर्धं सत्य आहे. २५ फेब्रुवारी २०१९ ला उघडलेलं राष्ट्रीय समर स्मारक उत्तमच आहे, पण तिथली नावं स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांची आहेत. इंडिया गेटवर तेरा हजारांहून जास्त नावं आहेत, ती त्याआधीच्या लढायांतल्या सैनिकांची. आमचा खलाशी दोन्हीकडे नाही. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर तर हिंदी शिपायांची नावं कोरलीच नव्हती, पलटणीपुढे नुसता आकडा. एवढं झाल्यावर जिथे साध्या खलाशाचं नाव खरोखर लिहिलेलं आहे, ती जागा मोकळी करायची?

दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदी आता इंटरनेटवर शोधता येतात. माझ्या भाच्याने तिथे नाव घातलं. स्पेलिंग चुकीचं होतं, पण बापाचं नाव बरोबर होतं, गावही बरोबर. सोबत जहाजाचं नाव आणि तारीख. मग आम्ही आईला घेऊन मस्जिद स्टेशनला उतरलो. हातगाड्या आणि हमालांच्या गर्दीतून वाट काढत सेलर्स होममध्ये पोचलो आणि त्या दालनात उभे राहिलो. आईने पायातल्या चपला आपणहून बाहेर काढल्या होत्या.

घरी आल्यावर तिने भटजींना फोन करून ती तारीख सांगितली. त्यांनी जुनं पंचांग पाहून तिथी काढली, कृष्ण पक्षातली पंचमी. यंदा पितृपक्षात मामाआजोबांचं पान पंचमीला वाढलं.