तुमचा पाल्य कोणता?

गेल्या शनिवार-रविवारी पुण्यातल्या एका मंगल कार्यालयात रुबिक क्यूब, म्हणजे सहा रंगांचा तो फिरता ठोकळा, सोडवणाऱ्यांचा स्नेहमेळावा भरला होता. त्याच्या दारातच गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका स्वयंसेवकाने 'पालकांची बसण्याची व्यवस्था मागे आहे' असे अत्यंत नम्रपणे सांगून मला भिंतीलगतच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची दिशा दाखवली. मी स्पर्धक आहे असे म्हटल्यावर त्याने यादी पाहिली, मला पाहिले, पुन्हा यादी पाहिली आणि तो म्हणाला, "ओके काका, पण नाव पुकारेपर्यंत तिथेच बसा." मेळाव्याच्या पत्रकात 'मैत्रीपूर्ण' हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला होता, हे येथे नमूद करून ठेवतो.

शेजारच्या खुर्चीवर मांडीत स्टीलचा डबा धरून एक काकू बसल्या होत्या. त्यांचा नातू पलीकडच्या टेबलापाशी बोटे मोकळी करत होता. माझ्या हातातला क्यूब पाहून त्यांनी विचारले, "तुमचा नातू कुठल्या गटात?"

"नातू नाही. मीच भाग घेतलाय."

"अगं बाई! त्याला बरं नाही का?"

मी कोणाच्या बदली आलो नसून हौस म्हणून आलो आहे, हे समजावण्यात काही वेळ गेला. समजावणे पुरे झाले असे मला वाटले, तेवढ्यात त्यांनी आवाज उतरवला आणि चौकशी केली, "डॉक्टरांनी सांगितलं असेल, नाही? चांगलं असतं हो, विसरायला होत नाही. आमच्या ह्यांनाही शब्दकोडं सांगितलंय. उभे शब्द ते सोडवतात, आडवे मी."

"मला कोणी सांगितलेलं नाही."

"असं लोक म्हणतातच," त्या समजुतीने म्हणाल्या. "बरं, हे सोडवून झालं की पुढे काय करतात?"

"पुन्हा विस्कटतात."

"कोण विस्कटतं?"

"त्याला वेगळी माणसं असतात. स्पर्धकच पाळीपाळीने ते काम करतात."

काकू काही क्षण गप्प राहिल्या. मग त्यांनी डब्याचे झाकण घट्ट दाबले. "म्हणजे एकाने पसारा करायचा, दुसऱ्याने आवरायचा, आवरून झाला की पहिल्याने परत करायचा. हे तर मी लग्न झाल्यापासून करतेय. टायमर तेवढा कुणी लावला नाही."

माझ्यासारख्या हौशी माणसाकडे अशा प्रसंगासाठी एक आकडा राखून ठेवलेला असतो. मी तो बाहेर काढला. या ठोकळ्याच्या ४३ या संख्येवर १८ शून्ये द्यावी लागतील इतक्या रचना होऊ शकतात, आणि तरीही त्यांपैकी कोणतीही रचना जास्तीत जास्त २० चालींत सुटते, हे २०१० साली संगणकांच्या मदतीने सिद्ध झाले आहे, असे मी त्यांना सांगितले. एरवी या वाक्यानंतर समोरचा माणूस निदान भुवया तरी उंचावतो.

"तुम्हाला किती लागतात?" काकूंनी विचारले.

"साठेक लागतात."

"म्हणजे चाळीस फुकट."

यावर माझ्याकडे उत्तर होते. त्या २० चालींचा मार्ग शोधणे हे संगणकाचे काम आहे. माणूस आधी खालचे दोन थर भरतो, मग शेवटच्या थराचा रंग वर आणतो आणि अखेरीस पाठ केलेल्या २१ सूत्रांपैकी एक लावून तुकडे जागच्या जागी नेतो, आणि जगातले अव्वल खेळाडूसुद्धा पन्नासच्या आसपास चाली घेतातच. परंतु तोवर काकूंनी डबा उघडला होता आणि माझ्या हातावर लाडू ठेवला होता. लाडू खात स्वतःच्या चाळीस चालींचे समर्थन करणे मला जमत नाही.

"याचे दहावीला वाढीव गुण मिळतात का हो?" त्यांनी पुढे विचारले.

"माझी दहावी १९८४ साली झाली."

"मग राहिलंच," त्या हळहळल्या.

काकूंचा मला राग नाही. ज्यांचा आहे ते पुढच्या रांगेत होते. तिथे मुलांचे वडील मोबाइल उभे धरून बसले होते आणि प्रत्येक फेरीनंतर मुलाला बाजूला घेऊन चित्रण दाखवत होते. पाणी प्यायला मी बाहेर गेलो, तेव्हा एक गृहस्थ आपल्या चिरंजिवांना विचारत होते, की घरी ११ सेकंद येतात तर इथे १३ का आले. तो मुलगा जिन्याच्या कठड्याकडे तोंड करून उभा होता आणि उत्तर देत नव्हता. १९८२ साली बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा विजेत्याची वेळ २२.९५ सेकंद होती. आज त्या वेळेत क्यूब सोडवणाऱ्या मुलाला परतीच्या वाटेवर गाडीत बोलणी खावी लागतात. २०२३ साली अमेरिकेतल्या मॅक्स पार्क याने ३.१३ सेकंदांची वेळ नोंदवली, ही खेळाच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट असेल. या जिन्यावर तिचा काहीही उपयोग झालेला दिसला नाही. ज्या वास्तुकलेच्या प्राध्यापकांनी १९७४ साली हा ठोकळा बनवला, त्या एर्नो रुबिक यांना तो स्वतःलाच पूर्ववत करायला महिनाभर लागला होता. सुदैवाने त्यांचे चित्रण करायला कोणी बसलेले नव्हते.

मी तिथे गेलो होतो तो चार समानधर्मी माणसे भेटतील म्हणून. आमच्या लहानपणी मुंबईहून मामाने आणलेला क्यूब इतका ताठर होता, की त्यात खोबरेल तेल सोडावे लागे आणि वर्गात आमच्या हातांना सणासुदीचा वास येई. आताच्या क्यूबमध्ये लोहचुंबक असतात, सिलिकॉनचे वंगण असते, ताण कमीजास्त करायला स्क्रू असतात, आणि या सगळ्यावर तासन्‌तास बोलता येईल अशी माझी कल्पना होती. तशी संधी एकदाच आली. एका मुलाने माझे हात बराच वेळ न्याहाळले आणि आदराने विचारले, "काका, तुम्ही बिगिनर्स मेथड वापरता का?" बिगिनर्स मेथड म्हणजे नवशिक्यांची पद्धत. मी तर तीच पद्धत वापरतो जी तो वापरतो. फक्त माझी बोटे ती जरा सविस्तर वापरतात.

अखेर माझे नाव पुकारले गेले. माझ्या टेबलाचे पंच सुमारे दहा वर्षांचे होते. निरीक्षणाला १५ सेकंद मिळतात, त्यांतली ८ झाल्यावर आणि १२ झाल्यावर पंच मोठ्याने सूचना देतात. या पंचांचा आवाज असा होता, की त्या दोन सूचनांमध्ये मी हेरून ठेवलेली पहिली चार पावले पार पुसली गेली. तरीही मी सोडवत गेलो. चांगलाच सोडवत गेलो. शेवटचे सूत्र हातातून विनासायास निघाले, क्यूब टेबलावर ठेवला, दोन्ही तळवे टायमरवर आपटले, आणि समोर माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली वेळ दिसू लागली.

पंच खाली वाकले. त्यांनी एक डोळा मिटला.

"प्लस टू."

नियम असा आहे, की वरचा थर ४५ अंशांहून अधिक तिरका राहिला तर एक चाल बाकी आहे असे धरून दोन सेकंदांचा दंड होतो. ४५ अंशांच्या आत असेल तर क्यूब सुटलेला मानतात. माझा थर ४५ अंशांच्या आत होता. मी तेव्हाही तसे म्हटले आणि आजही तसेच म्हणतो. मी निदान मोजून तरी पाहा असे सुचवताच पंचांनी बोट उगारले, "काका, क्यूबला हात लावू नका, नाहीतर डीएनएफ." डीएनएफ म्हणजे आपण तो सोडवलाच नाही असे समजतात.

तेवढ्यात मागच्या खुर्च्यांवरून आवाज आला, "अहो, नातवाच्या दप्तरात कंपासपेटी आहे. कोनमापक देऊ का?"

सभागृह हसले. मघाशी जिन्याच्या कठड्याकडे तोंड करून उभा असलेला तो मुलगादेखील हसला असे मला वाटते, पण दंड काही कमी झाला नाही. ज्यांचा आवाज नुकताच फुटू लागला होता अशा मुख्य पंचांना पाचारण करण्यात आले. त्यांनी क्यूबभोवती एक प्रदक्षिणा घातली, आपल्या सहकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पंचांचा निर्णय अंतिम असल्याचे जाहीर केले. पाच फेऱ्यांतली सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट वेळ सरासरीतून वगळतात. दंड जमेस धरूनही ही फेरी चांगलीच निघाली असती तर ती वगळलीच जाईल, आणि वाईट निघाली असती तरीही वगळलीच जाईल, तेव्हा काका, तुम्ही कशाला त्रास करून घेता, असे त्यांनी मला समजावले. नोकरीत असताना मी कित्येकांची अशीच समजूत घातलेली आहे, त्यामुळे तिची किंमत मला ठाऊक आहे.

गुणपत्रिकेवर स्पर्धकाची सही लागते. मी सही केली आणि तिच्यापुढे 'हरकतीचा हक्क राखून' असे लिहिले. छोट्या पंचांनी ते अडखळत वाचले आणि चौकटीबाहेर लिहायची परवानगी नाही असे सांगून मला खोडरबर दिला. पेन शाईचे होते.

पुढचा मेळावा दिवाळीनंतर आहे. त्याचा अर्ज मी कालच मोबाइलवरून भरला. त्यात 'पालकाचे नाव व मोबाइल क्रमांक' हा रकाना रिकामा ठेवला, तर अर्ज पुढे सरकत नाही. मी बराच वेळ झगडलो आणि शेवटी माझ्या वडिलांचे नाव घातले. ते नव्वदीला टेकले आहेत आणि रत्नागिरीला असतात. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला.

"तुझ्याबद्दल कसलासा निरोप आलाय इथे. पाल्याला शिस्तीत वागण्याची समज द्यावी म्हणून," ते म्हणाले. "आता काय केलंस?"