धडा घरी न्या, आईला वाचून दाखवा

गेल्या वर्षीची २४ ऑगस्टची गोष्ट. शाळेत बहिणाबाईंची जयंती होती. फोटोला झेंडूचा हार, समोर समई, मुली नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन ओळीत उभ्या. सातवीच्या एका मुलीनं 'अरे संसार संसार' इतकं गोड म्हटलं की पाहुण्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हळदीकुंकू झालं. आमच्या एक सहकारी करंडा घेऊन ओळीनं सगळ्यांना कुंकू लावत निघाल्या.

पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी तिथंच खांबाजवळ उभ्या राहून गाणं ऐकत होत्या. करंडा चार बायकांवर आला तशा त्या वळल्या, शेजारचं पातेलं उचललं आणि हापशीकडे निघून गेल्या. पातेलं धुतलेलंच होतं. मी सकाळी स्वतः पाहिलं होतं. ते त्यांनी हापशीवर पुन्हा धुतलं, घासून घासून, करंडा ओळीच्या शेवटापर्यंत जाऊन परत टेबलावर येईस्तोवर.

मावशींचे मालक जाऊन पाच वर्षं झाली. त्यांना कोणी 'बाजूला व्हा' म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही, इतकी ती गोष्ट अंगवळणी पडलेली आहे. त्यांना, आम्हालाही.

आणि आम्ही जयंती कुणाची करत होतो? तेराव्या वर्षी लग्न होऊन असोद्याहून जळगावला चौधरींच्या घरी आलेल्या, तिशीत विधवा झालेल्या बाईची. ज्या बाईनं लिहिलंय (लिहिलंय कसलं, म्हटलंय):

लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली
पुसोनिया गेलं कुंकू, रेखा उघडी पडली

मी बावीस वर्षं मराठी शिकवते. या बावीस वर्षांत बहिणाबाईंच्या जयंतीला ही ओळ कुणी म्हटलेली मी ऐकली नाही. 'संसार' ऐकते, 'मन वढाय' ऐकते, सुगरणीचा खोपा ऐकते. कुंकू पुसलेली बहिणाबाई आम्ही फोटोत ठेवतो आणि तिच्यासारखीच बाई हापशीवर उभी राहते. त्या दिवशी मी घरी आले ती हे डोक्यात घेऊनच. वर्षभर ते गेलं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

आपल्या खानदेशाला शाळेच्या पुस्तकात कमी जागा मिळालेली नाही. धरणगावचे बालकवी आहेत, श्रावण लागला की त्यांच्या ओळी महाराष्ट्रभर म्हटल्या जातात. नंदुरबारचा शिरीषकुमार आहे, ९ सप्टेंबर १९४२ ला गोळीला छाती देणारा, वय वर्षं पंधरा. साने गुरुजी जन्मानं कोकणातले, पण आमचे. बहिणाबाईंचं नाव तर विद्यापीठाला आहे. आमच्या भिंतीवर हे सगळे आहेत, जन्म आणि मृत्यूच्या तारखांसकट. मुलांना तारखा पाठ आहेत. 'कवयित्रीचा परिचय द्या' याचं उत्तर झोपेतून उठवलं तरी देतील.

पण बहिणाबाईंची गाणी कागदावर आली कशी, हे सांगा म्हटलं की वर्ग गप्प होतो. अख्ख्या अभ्यासात याहून महत्त्वाची गोष्ट नाही असं मला वाटतं. मुलगा सोपानदेव शाळेत शिकत होता. पाठ्यपुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट त्यानं घरी मोठ्यानं वाचली. आईला अक्षर येत नव्हतं, तिनं कानांनी ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या गोष्टीचं तिनं गाणं केलं होतं. मुलगा चकित झाला आणि तिची गाणी वहीत उतरवून घ्यायला लागला. नात्यातल्या पितांबर चौधरींनीही लिहून घेतली. जी कुणी लिहिली नाहीत ती जात्यावर, शेतात हवेत विरली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती गेली, त्यांनी तिला बावनकशी सोनं म्हटलं, आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं.

म्हणजे बघा, शाळेचा धडा घरी गेला, आईच्या कानावर पडला, आणि आईकडून कविता होऊन परत आला. हा परतीचा रस्ता आपण बंद करून टाकलाय. आता धडा घरी जातो तो गृहपाठ म्हणून. आईच्या कानावर तो पडतच नाही. ती म्हणते, 'माले काय समजस त्यामा, तू कर तुना अभ्यास.'

तो रस्ता बंद कसा झाला, हे मला माझ्यावरूनच माहीत आहे. मी बोरी नदीकाठच्या एका खेड्यातली. घरात अहिराणी. तिसरीत असताना गुरुजींनी विचारलं, काल का नाही आलीस? मी म्हटलं, 'मनी माय वावरमा गयी व्हती.' वर्ग हसला. वर्गातली निम्मी मुलं घरी हेच बोलत होती, तीही हसली. गुरुजींनी पट्टी मारली आणि म्हणाले, शुद्ध बोल. 'माझी आई शेतात गेली होती' हे वाक्य त्यांनी माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. त्या दिवसापासून मी शाळेतली गोष्ट घरी आणि घरातली गोष्ट शाळेत सांगायची बंद केली. आई विचारायची, आज काय शिकवलं? मी म्हणायचे, काही नाही. माझी आई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसून तासन्‌तास गाणी म्हणायची, एकही पुन्हा तीच नाही. त्यातलं एक गाणं मी उतरवून घेतलेलं नाही. मराठीत एम. ए. झाले, आईचं एक गाणं माझ्याजवळ नाही. ती २०११ ला गेली.

याहून वाईट म्हणजे तीच पट्टी पुढं माझ्या हातात आली. मारलं नाही कधी, पण 'शुद्ध बोल' हे मी शेकडो मुलांना म्हटलं असेल. आणि त्याच तासाला, त्याच फळ्यावर 'मियते भाकर' लिहून मुलांना विचारलं असेल, 'मियते' या शब्दाचं सौंदर्य सांगा. मुलगा 'मियस' म्हणाला की चूक, कवितेत 'मियते' आलं की सौंदर्य! हे मला फार उशिरा टोचलं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आमच्याकडच्या शिक्षकांचाही यात घोळ होतो. बहिणाबाईंची भाषा अहिराणी नाही. ती जळगाव, यावल, रावेरकडची लेवा गणबोली. अहिराणी धुळे, नंदुरबार, अमळनेर, पारोळा, चाळीसगावकडची. 'माले', 'तुले' दोन्हीकडं आहे, म्हणून बाहेरच्याला एकच वाटतं. पण अहिराणीतला 'शे' आणि लेवा बोलीतला 'आहे' यांत किती अंतर आहे ते आमच्या मुलांना विचारा. दोन्ही बोली वेगळ्या, दोन्ही पोटभर. मुलांना हा फरक सांगितला की त्यांचे डोळे चमकतात. आपण घरी बोलतो तिला नाव आहे, तिचा मुलूख आहे, हे त्यांना पहिल्यांदा कळतं.

तर गेल्या सप्टेंबरपासून मी एक सुरू केलं. मोठं काही नाही. आठवीच्या मुलांना सांगितलं, कविता घरी न्या. आईला, आजीला, काकूला, जी घरी असेल तिला मोठ्यानं वाचून दाखवा. अर्थ सांगू नका. ती काय म्हणते ते ऐका आणि ती बोलली तसंच्या तसं वहीत लिहून आणा. शुद्ध करायचं नाही.

पहिल्या आठवड्यात अडतीसपैकी अकरा जणांनी आणलं. बाकीच्यांनी लाजून नाही आणलं, काहींच्या आया कपाशी निंदून इतक्या थकून येत होत्या की ऐकता ऐकता झोपल्या. त्या अकरांतलं एक मी जन्मभर विसरणार नाही. 'आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर' ऐकून एका मुलाची आई म्हणाली होती: 'चटका बसस ते खरं शे. पन भाकर पयले कोनले भेटस, ते इचार तुनी बाईले.'

मी वही हातात घेऊन तशीच उभी राहिले. आमच्या मार्गदर्शकात या ओळीचं उत्तर छापलेलं आहे: कष्टाशिवाय फळ मिळत नाही. बावीस वर्षं मी ते लिहून देते आहे, आणि त्यावर पूर्ण गुण देते आहे. एका अक्षरशत्रू म्हणवल्या जाणाऱ्या बाईनं एका वाक्यात विचारलं, चटके एकीला आणि पहिली भाकर दुसऱ्याला, हे कसं? त्या दिवशी वर्गात कोण आधी जेवतं यावर पाऊण तास बोलणं झालं. आपल्या घरात आई शेवटी जेवते, हे आपण लहानपणापासून पाहत होतो पण दिसलं आज, असं एका मुलानं लिहिलं. 'स्त्री-पुरुष समानता' हा धडा मी पाच वर्षं शिकवून हे झालं नव्हतं.

साने गुरुजींचंही असंच करून ठेवलंय आपण. श्यामची आई म्हटलं की रडायचं, एवढंच मुलांना ठाऊक. गुरुजी अमळनेरला १९२४ ते १९३० सहा वर्षं शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी स्वतः हातानं 'छात्रालय दैनिक' लिहायचे, रोज. मुलं उठायच्या आत लिहिलेलं तयार. मग नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि गुरुजी ते उतरवून घेत होते, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे. इथंही बघा, एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं मनापासून ऐकून लिहून घ्यायचं. सोपानदेवांनी घरात केलं तेच गुरुजींनी तुरुंगात केलं. खानदेशाच्या मातीत ही दोन माणसं अशी बसलेली आहेत, कान देऊन, वही घेऊन.

आणि हेच गुरुजी १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना उघडावं म्हणून. दहा दिवस अन्न नाही. त्याआधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना सांगत होते. श्यामची आई वाचून रडणाऱ्या मुलाला हे दहा दिवस माहीत नसतील तर त्याला गुरुजी काय कळले? त्या पुस्तकात डोक्यावरची मोळी पडलेली म्हातारी आहे, तिला कुणी शिवत नाही, आणि आई श्यामला सांगते की जा, तिच्या डोक्यावर मोळी चढवून दे. पंढरपूरचं उपोषण त्या मोळीपासून सुरू होतं. मी हा भाग वाचते तेव्हा मुलांना विचारते, आपल्या गावात पाण्याच्या टाक्या किती, आणि कोणत्या वस्तीत कोणती? मुलं एकमेकांकडं बघतात. उत्तर सगळ्यांना माहीत असतं.

पालकांकडून आणि काही सहकाऱ्यांकडून मला ऐकावं लागतंय. बोलीत लिहायची सवय लागली तर बोर्डाच्या पेपरात मार्क जातील. ही भीती खोटी नाही, मी ती धुडकावत नाही. प्रमाण मराठी पोरांना आलीच पाहिजे, चांगली आली पाहिजे, कारण उद्या कलेक्टर कचेरीत अर्ज त्याच भाषेत करायचाय. ती मी कसून शिकवते. पण त्यासाठी आईची भाषा चूक ठरवायची गरज नाही. दोन वह्या ठेवल्या आहेत आम्ही. एक परीक्षेची. दुसरीवर मुलांनीच नाव घातलंय, 'मायनी वही', म्हणजे आईची वही. ज्या मुलांनी ही दुसरी वही भरली, त्यांचं पहिल्या वहीतलं लिहिणंही सुधारलं, हे मी माझ्या वर्गापुरतं ठामपणे सांगते. ज्याला सांगायला काही असतं तो भाषा शोधतोच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं. मी तिन्ही दिवस गेले, आनंद वाटला, पुस्तकं आणली. पण येताना एसटीच्या खिडकीतून हरभरा सोंगणाऱ्या बायका दिसत होत्या आणि सारखं वाटत होतं की यांच्यातल्या कुणाकडं काय आहे हे कुणी विचारलेलंच नाही.

आता मावशींकडे येते. 'लपे करमाची रेखा' ही कविता मी दिवाळीनंतर वर्गात घेतली. अभ्यासक्रमात नाही, तरी घेतली. मुलांना १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा पाठ आहे, सनावळीत आहे. मी सांगितलं, कायदा झाल्यावर चोवीस वर्षांनी बहिणाबाई जन्मल्या, आणि मे २०२२ मध्ये, म्हणजे तुम्ही शाळेत जात होतात तेव्हा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला ठराव करावा लागला की आमच्या गावात बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद. वर्ग शांत झाला. एक मुलगा हळूच म्हणाला, 'बाई, हयद लागस तवय मनी मोठमाय मांगे बठस.' हळद लागते तेव्हा त्याची आजी मागे बसते. कोणी हसलं नाही.

मावशींची मुलगी त्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर. कविता घरी नेऊन वाचा असं त्या दिवशी मी मुद्दामच कुणाला सांगितलं नाही. तिच्याकडं बघायचीही मला हिंमत होत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती वही घेऊन स्टाफरूमच्या दाराशी आली. म्हणाली, रात्री आईला वाचून दाखवली. आईनं दोनदा वाचायला लावली. मग बराच वेळ काही बोलली नाही, चूल सारवत राहिली. आणि नंतर एवढंच म्हणाली, 'हाई बाईले मनं कसं कयनं?' या बाईला माझं कसं कळलं?

वहीत वाक्य अर्धंच लिहिलेलं होतं. पेन्सिल हातातच होती.

'बाई,' ती म्हणाली, '"मनं" लिहू का "मन्हं"?'

मी म्हटलं, आई कसं बोलली? तिनं डोळे मिटले, ओठ हलवून पाहिले, आणि दाराला वही टेकवून लिहायला लागली.