बंद घराच्या पडवीतला कॅमेरा

कोकणातल्या भुतांच्या शॉर्ट फिल्म्स यूट्यूबवर ढिगाने आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ‘फाउंड फुटेज’ पद्धतीच्या. म्हणजे कुणाचा तरी फोन सापडला आणि त्यातलं शूटिंग आपण बघतोय, असं भासवणाऱ्या. चार मित्र, सड्यावरची रात्र, टॉर्च, धावाधाव, किंकाळी, फोन खाली पडतो, संपलं. पोरं जीव तोडून मेहनत घेतात, तरी भीती वाटत नाही. कारण जिवावर बेतलेलं असताना हा माणूस फोन धरून का उभा आहे, याचा विचारच केलेला नसतो. वर मागे संगीत! सापडलेल्या फोनमध्ये तंबोरा आणि ढोल कुणी भरले?

कॅमेरा चालू असण्याचं कारण पक्कं असलं की पैसा फारसा लागत नाही. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ हा याच पद्धतीचा भयपट सुमारे १५ हजार डॉलरमध्ये, दिग्दर्शकाच्या स्वतःच्याच घरात झाला. माणसं झोपलेली, स्टँडवरचा कॅमेरा जागा, कोपऱ्यात घड्याळ पळतंय. काहीच हलत नाही म्हणून आपणच दार, जिना, चादर तपासत बसतो. २०११ च्या तिसऱ्या भागात तर कॅमेरा फिरत्या पंख्याच्या बैठकीवर बसवला होता. तो या खोलीतून त्या खोलीकडे आपल्याच गतीने वळतो. तिकडे काहीतरी आहे हे कळतं, पण पंखा घाई करत नाही. एवढी साधी युक्ती, आणि अंगावर काटा येतो.

आता आपल्याकडे बघा. चाकरमान्यांची किती घरं वर्षातले दहा महिने बंद असतात! पडवीत वायफाय कॅमेरा, आणि मुंबईत लोकलमध्ये उभ्या माणसाच्या फोनवर अलर्ट: ‘हालचाल आढळली’. यापेक्षा चांगलं कारण कुठे मिळणार? कॅमेऱ्यामागे कुणीच नाही आणि बघणारा पाचशे किलोमीटरवर, काही करू न शकणारा.

यासाठी फोनवर शूट करून वर हिरवा रंग चढवू नका, लगेच पकडलं जातं. दोन-अडीच हजारांचा खरा कॅमेरा घ्या आणि त्याच्या मेमरी कार्डावरचंच फुटेज वापरा. रात्री तो इन्फ्रारेडवर जातो, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा स्वतःचा प्रकाश टाकतो, आणि चित्र काळंपांढरं होतं. खांबाला किंवा भिंतीला चिकटवून लावलात तर प्रकाश तिथेच आपटतो, खांब पांढराफटक पडतो आणि मागचं खळं, म्हणजे अंगण, काळोखात जातं. म्हणून समोरचे तीन-चार फूट मोकळे ठेवा. मांजराचे डोळे चकाकतील, ते राहू द्या. लेन्सजवळून उडणारा किडा पांढरा गोळा होऊन दिसतो. व्हॉट्सॲपवर ‘आत्मा’ म्हणून फिरतात ते बहुतेक हेच. कोळी तर लेन्ससमोर जाळंच विणतो. असे फुकटचे अलर्ट आधी सात-आठ दाखवा. घरमालक कंटाळून बघायचं सोडतो, प्रेक्षकही सैल होतो. मग खळ्यात उभं असलेलं माणूस दाखवायला मोठं करावं लागत नाही, कोपऱ्यात तुळशीमागे पुरतं.

पावसात लाइट जाते, राऊटर बंद पडतो. फुटेजवरच्या घड्याळात २ वाजून १३ मिनिटांनंतर एकदम २ वाजून ४१. हा तुमचा सगळ्यात जोरदार कट, आणि तो महावितरणच्या नावावर खपतो. लाइट आल्यावर काही स्वस्त कॅमेरे नेट मिळेपर्यंत तारीख थेट १९७० दाखवतात. हे खोटं वाटेल इतकं खरं आहे, जरूर वापरा. लाइट जाण्याआधी दाराची कडी लावलेली दिसली पाहिजे. नंतर ती कशी दिसते ते तुम्ही ठरवा.

एखाद्या प्रसंगात फोन वापरायचाच असेल तर ट्यूबलाइटखाली सेकंदाला ३० फ्रेमवर चित्रात पट्टे सरकू शकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. २५ फ्रेम, शटर १/५०, एक्स्पोजर लॉक. बस्स.

आवाजाकडे मात्र बहुतेक कुणीच लक्ष देत नाही. जुलैत बेडूक आणि रातकिडे असे ओरडतात की कानाला सवय होते. माणूस जवळ आला की ते गप्प होतात, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. म्हणजे कोण आलंय ते दाखवायची गरजच नाही. पण कॅमेऱ्याचा माइक शांतता झाली की आपोआप आवाज वाढवतो आणि नुसती खरखर ऐकू येते. म्हणून त्याच रात्री, त्याच पडवीत, दुसऱ्या फोनवर ऑटो गेन (हीच आपोआप आवाज वाढवायची सोय) बंद करून दहा मिनिटं वेगळी ध्वनिमुद्रित करा. मग तो आवाज कॅमेऱ्याच्या माइकसारखा चेपून फुटेजवर बसवा आणि अलर्ट यायच्या साधारण चार सेकंद आधी बेडूक थांबवा.