धावपट्टी बघितली, मासे कुठे?

सेशेल्समधल्या आल्फोन्स बेटावरचा एक लेख वाचला, त्यात तिथल्या धावपट्टीचंच कौतुक आहे. ते खरंच: सेशेल्सच्या माहे या मुख्य बेटापासून सुमारे ४०० किमी, छोट्या विमानाने तासाभराचा प्रवास, आणि बेट दोन चौरस किलोमीटरहूनही लहान. वरून पाहिलं तर माडांच्या त्रिकोणाला कोणी पट्टी ठेवून रेघ मारल्यासारखं दिसतं. पूर्वी इथे नारळाचे मळे होते, आता मासेमारीच्या हौशी पाहुण्यांचं लॉज.

पण मासेमारीचा खरा खेळ आल्फोन्सवर नाही, पलीकडच्या सें फ्रान्स्वा बेटाच्या उथळ पाण्यात चालतो. तिथे वस्ती नाही, रोज सकाळी होडीनेच जायचं. गुडघाभर पाण्यात उभं राहून बोनफिश आणि जायंट ट्रेव्हली धरायचे, नि फोटो काढून लगेच सोडून द्यायचे. गळालाही उलटा काटा ठेवत नाहीत, म्हणजे माशाला इजा कमी.

आमचे बाबा मालवणचे, रापण ओढण्यात हयात गेलेली. त्यांना व्हिडिओ दाखवला. ट्रेव्हली पाण्यात परत जाताना बघून चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "एवढा मोठा मासा सोडूक विमानान गेले?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.