नोव्हेना पुढे पाठवली नाही तर संकट येते का?

गोव्यातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय: सेंट फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना नऊ जणांना पाठवा, इच्छा पूर्ण होईल; साखळी तोडली तर घरावर संकट येईल.

हे साफ खोटे आहे. आजारी माणसे हे वाचून रात्रभर धास्तावतात, याचा मला फार त्रास होतो.

नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. येशूच्या स्वर्गारोहणानंतर त्याचे प्रेषित (शिष्य) पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंत, नऊ दिवस एकत्र प्रार्थना करत राहिले, त्यावरून ही रीत आली. जुन्या गोव्यात सेंट झेवियरची नोव्हेना २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर चालते आणि ३ डिसेंबरला फेस्त, म्हणजे संताचा सण. नऊ हे दिवस आहेत, फोन नंबर नव्हेत! प्रार्थनेचे फळ निव्वळ बाह्य कृतीवर अवलंबून आहे असे मानणे, याला कॅथलिक चर्चची शिकवण अंधश्रद्धाच म्हणते.

जुन्या गोव्याला जाणे जमत नसेल तर घरीच करा. संध्याकाळी चर्चमध्ये आंजेलुसची (मारियेच्या प्रार्थनेची) घंटा झाली की गॅस बारीक करा, जपमाळ हातात घ्या. एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, दहा ‘नमो मारिया’, मग पित्याला, पुत्राला व पवित्र आत्म्याला गौरव. पाचेक मिनिटे लागतात. मध्येच मन कालवणाकडे गेले तरी पुन्हा माळेवर या. देव रुसत नाही.

संदेश आला असेल तर पुसून टाका. पाठवणाऱ्याला मात्र फोन करा, कशाची काळजी लागलीय ते विचारा आणि फोनवरच त्यांच्यासोबत दहा मणी म्हणा.