आधी पुसू नका, आधी वाचा

"कॉम्प्युटर रिकव्हरीत अडकलाय? पॉवर बटण दाबून बंद करा, रिसेटमध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा, पंधरा मिनिटांत नव्यासारखा! ज्येष्ठांनी स्वतः खटपट करू नये, कुणाला तरी रिमोटने करायला सांगावं." हा मेसेज मला आतापर्यंत चार जणांनी पाठवला. लिहिणाऱ्याने असा, विंडोज सुरू न होता दुरुस्तीच्या (रिकव्हरी) पडद्यावर अडकलेला कॉम्प्युटर समोर बसून कधी पाहिला असेल, असं वाटत नाही.

पहिलं, बटण दाबा. कधी? नुसतं 'डायग्नोसिंग' म्हणत तासन्‌तास फिरणाऱ्या पडद्यावर दाबलं तर फारसं बिघडत नाही. पण रिसेट (विंडोज नव्याने टाकणं) सुरू झालेला असताना मध्येच तोडला, तर जुनं विंडोज गेलेलं आणि नवं आलेलं नाही, अशी गत होऊ शकते. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर टक्क्याचा आकडा बराच वेळ जागचा हलत नाही. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर चार्जर लावून ठेवा आणि थांबा.

'रिमूव्ह एव्हरीथिंग'बद्दल मात्र मला राग आहे. त्यात फोटो, कागदपत्रं सगळं जातं. 'कीप माय फाइल्स' निवडलं तर ती राहतात, पण बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम जातात. आणि या दोन्हींच्या आधी 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये स्टार्टअप रिपेअर, अलीकडचा अपडेट काढून टाकणं आणि सिस्टिम रिस्टोअर आहेत. तिन्ही तुमच्या कागदपत्रांना हात लावत नाहीत. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स बंद पाडली. त्यावरचा इलाजही डिस्क पुसणं नव्हता, तर सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून) जाऊन एक फाइल काढणं. तिथेही बिटलॉकरवाल्या (विंडोजचं डिस्कला कुलूप लावलेल्या) मशिन्सना आधी ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की लागली. ही की मागणारा निळा पडदा पाहून व्हायरस समजू नका. घरच्या कॉम्प्युटरची की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, मोबाइलवरूनही बघता येते. ती शोधायच्या आत डिस्क पुसली, तर बॅकअप नसलेले फोटो गेलेच म्हणायचे.

रिमोट? रिकव्हरीच्या पडद्यामागे तुमचं नेहमीचं विंडोज चालूच नसतं, मग रिमोटचं अ‍ॅप चालणार कुठे? अनोळखी माणूस फोनवर 'मी करून देतो' म्हणत ते ४८ अंक मागत असेल, तर फोन ठेवा.

राहिले ज्येष्ठ. माझा अनुभव उलटा आहे. जाणकार तरुण पडदा न वाचताच एंटर दाबतो. नवशिक्या काकांना "काय झालंय?" विचारलं तर ते गोंधळतात, पण "वरपासून अक्षर न अक्षर वाचा, काहीही दाबू नका" म्हटलं की अचूक वाचतात. नाहीतर मोबाइलने पडद्याचा फोटो काढून पाठवतात. मग एका वेळी एकच बटण सांगायचं. त्याआधी प्रिंटर, पेन ड्राइव्ह, जे जे बाहेरून जोडलंय ते काढायला लावायचं. परवा एका काकांनी पेन ड्राइव्ह काढला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, आणि बाकीचं काही करावंच लागलं नाही.