अनंत म्हणजे ‘सगळं काही’ नव्हे

समाजमाध्यमांवर एक मजकूर फिरतोय: “विश्व अनंत आहे. अनंतात जे जे शक्य, ते ते कुठेतरी घडतंच. म्हणजे तुमची हुबेहूब प्रतही कुठेतरी आहे, आणि क्वांटम भौतिकीने हे सिद्ध केलंय.” वाचायला झकास आहे. पण एकेक वाक्य धरून पाहू.

“विश्व अनंत आहे.” असेल, नसेलही. आपल्याला दिसू शकतो तो भाग सुमारे 46 अब्ज प्रकाशवर्षं त्रिज्येचा. मोजमापांत त्यातलं अवकाश जवळजवळ सपाट, म्हणजे वक्रता नसलेलं, भरतं, हे खरं. पण सपाट म्हणजे अनंत नव्हे. जुन्या व्हिडिओ गेममध्ये उजवीकडून बाहेर पडलेलं यान डावीकडून आत येतं ना? पडदा सपाट, यानाला कड कुठेच लागत नाही, तरी जागा मर्यादितच.

“अनंतात सगळं घडतंच.” खरी गफलत इथे आहे. सम संख्या अनंत आहेत. त्यांत 3 शोधून दाखवा. किंवा 0.101001000100001… ही संख्या घ्या. दर वेळी एक शून्य वाढतं, ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा येत राहत नाही, पण 2 कधीच येणार नाही. (‘पाय (π, म्हणजे 3.14159…) या संख्येच्या अंकांत तुमचा फोन नंबर सापडतोच’ हेही असंच छातीठोकपणे सांगतात. पायमध्ये प्रत्येक अंकसमूह येतो, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.)

यावर एक हुशार उत्तर येतं: ठरावीक जागेत कणांच्या रचना मर्यादितच शक्य आहेत, मग अनंत जागेत पुनरावृत्ती होणारच. होईल की, कुठल्या तरी रचनेची. तुमचीच कशावरून? 7 लिहा, पुढे अनंत शून्यं लिहा. शून्य पुन्हा पुन्हा येईल, 7 एकदाच. तुमची प्रत हवी असेल तर आणखी एक गोष्ट धरून चालावी लागते: सुरुवातीला सगळीकडे रचना यादृच्छिक होत्या आणि एकही शक्यता वगळलेली नव्हती. मला ते पटण्याजोगं वाटतं. पण ते गृहीतक आहे, अनंताने आपोआप पदरात टाकलेलं फळ नव्हे.

“क्वांटमने सिद्ध केलंय.” नाही. मोजमापाच्या वेळी शक्य ते सगळे निकाल घडतात, प्रत्येक निकाल विश्वाच्या वेगळ्या शाखेत, ही भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी 1957 मध्ये मांडलेली कल्पना हा क्वांटम समीकरणांचा एक अर्थ आहे. शक्यतांपैकी एकच निकाल प्रत्यक्षात येतो असं सांगणारा नेहमीचा ‘कोपनहेगन’ अर्थही आजवरच्या प्रयोगांशी तितकाच जुळतो, त्यामुळे दोघांत निवाडा झालेला नाही. एव्हरेट यांच्या चित्रातही वाट्टेल ते चालत नाही. ज्या घटनेची संभाव्यता शून्य, तिला तिथेही शाखा फुटत नाही. शिवाय या शाखा अवकाशात दूर ‘कुठेतरी’ नसतातच. पहिल्या वाक्यातल्या विश्वाचा पुरावा म्हणून मजकुराने शेवटी भलतीच विश्वं साक्षीला उभी केली आहेत.